क्लॅरी एंटविसलचा शब्द

आमच्या कॉल्डशॉ टाऊन फुटबॉल क्लबचा चिटणीस क्लॅरी एंटविसल पोटासाठी टपाल वाटायचा. सकाळी गावाची पत्रं, संध्याकाळी क्लबची. बुटका, टकला, आणि एकदा बोलायला लागला की समोरच्याने खुर्ची शोधावी. अठरा वर्षं क्लबचा कागद न् कागद त्याने एकट्याने सांभाळला होता. उभ्या जन्मात त्याने चेंडूला धड लाथ मारली नसेल, पण ऑफसाइडचा नियम तो आम्हा खेळाडूंना शिकवायचा आणि आम्ही त्याची यथेच्छ टर उडवायचो.

मी सांगतोय तो त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा हंगाम. त्या हिवाळ्यात वीज वाचवायचा सरकारी हुकूम होता. मैदानावर दिवे लावायची सोय नाही, म्हणून सामने दुपारी दीडलाच सुरू व्हायचे. गिरण्या आठवड्यातून तीन दिवस चालत. बाकीचे दिवस माणसं करणार काय? ती मैदानावर यायची. एरवी दोनशे टाळकी जमायची तिथे नऊशे जमू लागली. कागदात गरम चिप्स, त्यावर व्हिनेगर, आणि तोंडाने पंचाचा उद्धार. तसे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. आणि आम्ही जिंकत होतो, हे महत्त्वाचं. लीगमध्ये पहिला येणाऱ्यालाच वरच्या लीगमध्ये घेत. साठ वर्षांत ते आम्हाला जमलं नव्हतं, आणि त्या वर्षी पहिले आम्ही होतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा, गिरणीच्या संघातून खेळणारा. जानेवारीतल्या एका गुरुवारी क्लॅरी माझ्या घरी क्लबच्या नोंदणीचा फॉर्म घेऊन आला. तो वेळेत टपालात पडला तरच शनिवारी मला उतरता येणार होतं. मी सही केली. त्याने फॉर्म लिफाफ्यात घातला, लिफाफा ओव्हरकोटच्या खिशात घातला, आईने दिलेला चहा प्यायला, आणि तासभर बोलून गेला. शनिवारी सामना होता मॉसक्लफशी. आमच्या पाठोपाठ दुसरे तेच होते. घोटाभर चिखल. शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू माझ्या गुडघ्याला लागून जाळ्यात गेला आणि आम्ही एक-शून्यने जिंकलो. गुडघ्याला लागून, हे आज कबूल करतो. तेव्हा मी सगळ्यांना नेम धरून मारला म्हणूनच सांगत होतो.

मंगळवारी लीगच्या गॅस्केलसाहेबांचा फोन आला, की फॉर्म पोचलेला नाही. क्लॅरी भडकला. गुरुवारी चार वाजता मी स्वतःच्या हाताने पेटीत टाकलाय, म्हणाला. गॅस्केल त्याला अठरा वर्षं ओळखत होते. तू म्हणतोस तर टाकलाच असशील, दुसरा पाठव, मी गुरुवारचीच तारीख लावतो, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. क्लॅरीने मात्र पत्रं निवडणाऱ्या आपल्याच सोबत्यांना आठवडाभर फैलावर घेतलं.

एप्रिल उजाडला. दोन सामने उरले होते आणि आम्ही मॉसक्लफच्या एका गुणाने पुढे होतो. थंडी सरली म्हणून क्लॅरीच्या बायकोने, ऑलिव्हने, ओव्हरकोटचं फाटलेलं अस्तर शिवायला घेतलं. खिशाला भोक होतं. अस्तराच्या तळाशी लिफाफा होता, तिकीट लावलेला, आत माझ्या सहीचा फॉर्म.

शनिवारी सामन्याआधी तो कपडे बदलायच्या खोलीत आला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. नोंद नसलेला खेळाडू खेळवला की त्या सामन्याचे गुण जातात, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यानेच तर आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

आमचा कप्तान रेग डकवर्थ बुटांच्या नाड्या बांधत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"ऑलिव्हला."

"मग ऑलिव्हला गप्प बसायला सांग."

"ती बसेल रे. पण गॅस्केलनी माझ्या शब्दावर तारीख लावली. मी खोटं बोललो, रेग. नकळत बोललो, पण आता कळलंय ना?"

"ते पत्र जाळ आणि जाऊन चहा पी."

"लीगला आज सकाळीच कळवलंय," क्लॅरी म्हणाला. "या वेळी पेटीत पडल्याचा आवाज ऐकून मग हललो."

कुणी हसलं नाही. मी तर त्याच्याकडे बघितलंही नाही. माझा गोल, एवढं एकच माझ्या डोक्यात घुमत होतं.

लीगने दोन गुण कापले. आम्ही उरलेले दोन्ही सामने जिंकलो, मॉसक्लफनेही जिंकले, आणि एका गुणाने ते वर गेले. गावाने क्लॅरीशी बोलणं टाकलं. पत्रं घ्यायला दारं उघडत, बोलायला उघडत नसत. बोलका माणूस तो, दारात दोन मिनिटं घोटाळायचा आणि पुढच्या घराकडे वळायचा. मलाही एकदा त्याने "लेस, कसा आहेस?" म्हणून विचारलं होतं. मी पत्र घेतलं आणि दार लावलं.

जूनमध्ये वार्षिक सभा भरली, मैदानालगतच्या लाकडी शेडमध्ये. अध्यक्ष हॅसलम, आमचे खाटीक, क्लॅरीला म्हणाले की जरा बाहेर थांब. तो गेल्यावर चिटणीसपदावरून त्याला काढायचा ठराव मांडला गेला. भराभर हात वर झाले. माझाही झाला. हॅसलमनी वरवर नजर फिरवली, मंजूर म्हणाले आणि क्लॅरीला आत बोलावलं. सभेचं इतिवृत्त लिहिणं दुसऱ्या कुणाला येतच नव्हतं.

तो आपल्या खुर्चीवर बसला आणि त्याने वही उघडली. ठराव काय, विचारलं. हॅसलमनी जमिनीकडे बघत सांगितला. त्याने तो लिहिला.

"बाजूने किती?"

"बहुमत आहे, क्लॅरी."

"बहुमत म्हणजे किती?"

"असतील वीस-पंचवीस. तुला काय करायचंय आता?"

"वीस-पंचवीस असं लिहिता येत नाही, मिस्टर हॅसलम. परत हात वर करायला सांगा. मी मोजतो."

खोकायचे आवाज आले. मग रेगचा हात वर गेला. त्याच्यामागून एक, दोन, चार. पहिल्या वेळी वर गेलेले काही हात मांडीवरच राहिले. माझा हात जड झाला होता, खोटं सांगत नाही. पण रेग शेजारीच बसला होता, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मी तो उचलला.

क्लॅरी उभा राहिला. पेन्सिलीचं टोक एकेका हाताकडे करत, मोठ्याने आकडे म्हणत, बाकांच्या ओळीने मोजत आला. माझ्याकडे आला तेव्हा थांबला नाही, अडखळला नाही. "सतरा," म्हणाला आणि पुढे गेला.

बाजूने बावीस झाले. विरोधात त्याने मोजले एकवीस. दोन्ही आकडे त्याने वहीत लिहिले, खाली सही केली, वही अध्यक्षांपुढे सरकवली, कपाटाची किल्ली तिच्यावर ठेवली आणि टोपी घालून घरी गेला.

वरच्या लीगमध्ये आम्ही कधीच गेलो नाही. रेग गेला, हॅसलम गेले, क्लॅरीला जाऊनही वीस वर्षं झाली. बावीसांपैकी कुणीही म्हणू शकतो की ज्या एका हाताने ठराव झाला तो माझा नव्हता. पण लिफाफ्यातली सही माझी होती, आणि माझ्यासाठी त्या माणसाने आपला शब्द दिला होता. त्या हंगामाची आठवण निघाली की मी सगळ्यांना गोलाचं सांगतो. हाताचं आज पहिल्यांदा सांगतोय.