ओटोमार कॅर्नरचा शिक्का

थुरिंगियाच्या डोंगरातलं आमचं गाव बंदुका करणाऱ्यांचं. तपासनिसानं बंदुकीच्या लाकडी दस्त्याला स्वतःचा गाल टेकवून पहिली गोळी झाडायची, मगच नळीवर आपला शिक्का मारायचा, ही इथली रीत. शिकारी तो शिक्का बघत आणि बिनघोर गाल टेकवत. ओटोमार कॅर्नरच्या शिक्क्याला तर सगळ्यांत जास्त मान, आणि तो त्याच्या डोक्यात चांगलाच गेला होता. दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

एकोणीसशे पंचेचाळीसच्या मार्चमध्ये बर्लिनहून डॉक्टर प्रेटोरियस नावाचे एक विद्वान आले. हरत आलेलं युद्ध जिंकून देणारी नवी बंदूक त्यांनी शोधली होती म्हणे. गोळी जिच्यात फुटते ती पेटी नुसत्या पत्र्याची आणि दस्त्याला रंधासुद्धा न मारलेलं लाकूड! माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला याहून बरं लाकूड होतं. चाचणी कशी, तर बंदूक टेबलाला बांधायची आणि भिंतीआडून दोरी ओढायची.

"साहेब, गाल कुणाचा टेकवलात?" ओटोमारनं विचारलं.

"नव्या पद्धतीत गाल लागत नाही."

"मग लढायलाही दोरीच पाठवा की!"

शेजारच्या बाकावर मी कानस चालवत होते. मला हसू आवरेना.

चार दिवस ओटोमार ताठ राहिला. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "शिक्के मार, नाहीतर उद्या तूच हिला घेऊन आघाडीवर." झालं, सगळा ताठा उतरला! दुपारपर्यंत तीनशे नळ्यांवर शिक्के पडले. गाल एकीलाही लागला नाही.

"अहो, हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"गप गं हुल्डा. अमेरिकन येऊन ठेपलेत. कोण झाडतंय असल्या बंदुका?"

झाडली त्याच्याच धाकट्या भावानं. एमिल साधा सुतार, पन्नाशीत गावरक्षक दलात ओढलेला. बाकीचे त्या पत्र्याला हात लावेनात, तेव्हा हा पुढे झाला. "भित्र्यांनो, माझ्या भावाचा शिक्का आहे यावर!" म्हणाला आणि गाल टेकवला. पेटी तोंडावर फुटली. उजवा डोळा गेला.

ओटोमारबरोबर मीही दवाखान्यात गेले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या एमिलनं चाचपडत भावाचा हात धरला.

"रागावू नकोस रे. मीच गोळी वाकडी भरली असणार. तू तर गाल टेकवूनच पाठवली होतीस."

डॉक्टर प्रेटोरियस एव्हाना पसार झाले होते. धमकवायला कुणी उरलं नव्हतं.

ओटोमार म्हणाला, "हो रे. घाईत होतं असं."