साडूंच्या जिभेची साक्ष

ठाण्यात राहून ठाण्याची चव ज्याने खरोखर घेतली असा मनुष्य एकच झाला, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. हे मी आलंकारिक म्हणत नाही. इतर लोक वस्तू डोळ्यांनी पाहतात, हातांनी चाचपतात. साडू ती जिभेला लावून पाहत. मोजणीखात्यात ते कारकून होते, आणि साखळी घेऊन गावोगाव हिंडताना डोंबिवलीच्या बांधावरची माती असो की कल्याणच्या जुन्या भिंतीचा चुना, त्यांच्या तोंडी गेल्यावाचून काही सुटले नाही. एकदा मी मुद्दाम पाण्याचे दोन गडवे त्यांच्यापुढे ठेवले. एकेक घोट घेऊन म्हणाले, "तात्या, पहिले तुमच्या परसातल्या विहिरीचे. दुसरेही तिथलेच, पण ते ज्या पोहऱ्याने काढले तो गंजला आहे." पोहरा खरोखरच गंजला होता. जेवताना मात्र आमटी अळणी झाली तरी त्यांना कळत नसे, हे माझ्या मेहुणीचे कायमचे दुःख.

त्यांच्याविषयी हल्ली तळ्याच्या पायऱ्यांवर जे सांगितले जाते ते मी ऐकतो. सांगणाऱ्यांपैकी एकही तेव्हा हजर नव्हता. कोणी म्हणतो, उत्तनच्या किनाऱ्यावर ताडी पिऊन त्यांनी मेलेला मासा चाटला. खोटे. साडूंनी जन्मात ताडी घेतली नाही. ताडाची साल तेवढी चाखली होती. कोणी म्हणतो, शास्त्र्यांना भिऊन त्यांनी भरसभेत आपले शब्द गिळले. हे त्याहून खोटे, आणि ते का खोटे, हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

उत्तनला मी त्यांच्याबरोबर होतो. ओहोटी लागली होती. वाळू आणि शिंपले थिजून झालेल्या खडकात नारळाएवढी एक गोल वस्तू रुतलेली त्यांना दिसली. दोन्ही बाजूंनी चपटी, मध्ये किंचित खोलगट. जवळच मासळी वाळत घालणारी एक ख्रिस्ती म्हातारी ती पाहावयास आली.

"कारकूनबाबा, देवमाशाचा मणका हाय त्यो. माजे बापानं असाच एक दाराशी बसाला ठेवलेला."

"मग हा एवढा जड कसा, बाई?"

"तुमच्यासारका म्हातारा झाला म्हणून!"

साडूंनी एका इंग्रजी पुस्तकात वाचले होते की, काळाने दगड झालेले हाड ओळखावयाचे तर त्यास जीभ लावावी. साधा दगड जिभेपासून सहज सुटतो, हाडाचा दगड तिला धरून ठेवतो. त्यांनी ती वस्तू खणून काढली, दुपारपर्यंत उन्हात वाळविली, आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत जीभ टेकविली. त्यांचे डोळे विस्फारले, दोन्ही हात नाचू लागले. जीभ सुटताच ओरडले, "धरलं, तात्या! मला धरलं त्यानं! तुम्हीही पाहा." मी तोंड फिरविले. म्हातारी हसता हसता वाळूतच बसली.

दुसरा कोणी गप्प बसला असता. साडूंनी मुंबईच्या एका विद्वान साहेबास लिहावयाच्या पत्राचा मसुदा केला आणि तो हजामापासून पुजाऱ्यापर्यंत सर्वांस वाचून दाखविला. त्यात स्पष्ट वाक्य होते: 'जिव्हेने परीक्षा केली असता ही अस्थि असल्याची खात्री पटली.' ब्राह्मणाने अस्थि चाटली! त्यांच्या मुलीचे लग्न कल्याणच्या एका घरात ठरले होते, मांडवाचे बांबू अंगणात येऊन पडले होते. तेथून निरोप आला: प्रायश्चित्त घेतले तरी अशा घरची मुलगी आम्हांस नको; ती वस्तू नुसता दगड असल्यास कळवावे.

साडूंच्याच ओसरीवर सभा भरली. ती वस्तू पाटावर ठेवली होती. वृद्ध शास्त्रीबोवा मनाचे वाईट नव्हते. त्यांना सुटकेपुरता एक शब्द हवा होता.

"दगडच ना हा?"

"दगड झालेले हाड."

"म्हणजे दगड!"

"म्हणजे हाड, शास्त्रीबोवा."

"अहो, मुलीकडे पाहा आणि मग सांगा."

आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या. साडूंनी पाटाकडे पाहिले, दाराकडे पाहिले, आणि तोंड उघडले. ते काय बोलणार होते हे मला आजतागायत ठाऊक नाही. कारण त्याआधी मी उठलो, जानवे हाती धरले आणि म्हणालो, "मी तेथे होतो. यांच्यामागून मीही जीभ लावली. चिकटले नाही. निव्वळ दगड आहे. यांना भ्रम झाला." शास्त्रीबोवांनी डोळे मिटून हात जोडले. सभा उठली.

तेव्हा शब्द गिळणारे साडू नव्हेत. त्यांचे शब्द मी अडविले.

लग्न यथासांग झाले. मुलगी आज कल्याणास लेकुरवाळी आहे. पत्र गेले नाही. तो मणका माजघराच्या दाराला टेकू म्हणून राहिला. साडूंनी मला कधी दोष दिला नाही. मांडव उतरविताना एकदाच हलक्या आवाजात म्हणाले, "तात्या, तुम्ही जीभ लावलीत कधी?" मी दोरीची गाठ सोडवीत राहिलो. त्यानंतर त्यांनी काही चाखल्याचे मी पाहिले नाही. पाण्याचा गडवा पुढे केला तर ते नुसते पाणी पीत.

ते गेल्यावर महिन्याभराने मेहुणीने तो मणका माझ्याकडे पाठविला. तात्यांना द्यावा, एवढेच साडूंनी सांगून ठेवले होते म्हणे. कशाकरिता, ते सांगितले नव्हते. कित्येक दिवस तो कोनाड्यात होता. परवा दुपारी घरात कोणी नसताना मी तो खाली घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि त्यास जीभ लावली.

त्याने मलाही धरले. सोडवून घेण्याची मी घाई केली नाही.