सांगून जाणं

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी आई गेली. मी नुकती चालायला लागले होते. वडील वैजापूरकडच्या आमच्या गावी शेती बघायचे; एवढंसं लेकरू सांभाळणं त्यांना एकट्याला जमणारं नव्हतं. म्हणून मोठ्या काकांनी मला औरंगाबादला आणलं. काका कापड गिरणीत कामाला होते, शहागंजच्या मागं दोन खोल्यांत राहायचे. काकूला मी थोरली आई म्हणायचे. तिचे दोन मुलगे शाळेत जायच्या वयाचे झाले होते. पुन्हा लहान पोराचं करायची तिला काही हौस राहिली नसावी, पण ते तिनं मला कधी जाणवू दिलं नाही.

थोरली आई फार बोलकी नव्हती, लाड करणारीही नव्हती. एक गोष्ट मात्र ती चुकवायची नाही. घरातून कुठंही निघाली, अगदी नळावर पाण्याला, तरी मला सांगून जायची. मी लगेच भोकाड पसरायचे. शेजारी एक मुसलमान मावशी राहायच्या, त्यांना आम्ही खाला म्हणायचो; त्यांना ते बघवत नसे. त्या म्हणायच्या, "बच्ची खेलरी है ना, चुपके से निकल जाओ. देखी तो रोती बैठेगी."

"रडू द्या," थोरली आई म्हणायची. "रडून मोकळी तरी व्हईल. नाय सांगितलं तर दाराकडं बघत बसंल."

मी चारेक वर्षांची असताना तिला कांदा काढायला गावाकडं जावं लागलं. पहाटे तिनं मला मुद्दाम उठवलं. "गावाला चालले. रविवारच्या बाजाराला हितं असंन. तवर खालांजवळ राहायचं." मी तिचा पदर धरून ओरडले. तिनं मला उचलून घेतलं, माझा हुंदका बसेपर्यंत थांबली आणि मग खालांच्या कडेवर देऊन निघाली. मागं वळून हात केला, लपली नाही.

रविवारी ती आली नाही, सोमवारी दुपारी आली. बोचकं उंबऱ्यातच टाकून माझ्यासमोर खाली बसली. "उशीर झाला माझा. गाडी बंद पडली रस्त्यात. तू काल लई वाट बघितली असंल." मी फुगून बसले होते, बोलायला तयार नव्हते. ती तशीच बसून राहिली. घामानं चिंब, पाणीसुद्धा न पिता. शेवटी मीच तिच्या मांडीवर जाऊन पडले. मोठ्या माणसानं पोरापुढं असा खुलासा केलेला मी नंतरही फारसा पाहिला नाही.

लोक म्हणतात, मी कुणाच्याही अडचणीला लगेच धावते. तो माझा जन्मजात गुण असेल असं मला वाटत नाही. आपलं माणूस परत येणार, अशी ज्या पोराला खात्री असते, त्याचं मन मोकळं राहतं आणि दुसऱ्याकडं वळू शकतं. ते मोकळं मन मला थोरल्या आईनं दिलं.

पुढं मी बालवाडीत शिकवायला लागले. शहराच्या नव्या वसाहती बांधल्या जात होत्या, तिथल्या मजुरांची पोरं आमच्याकडं यायची. त्यात अजिंठ्याकडून आलेल्या एका धनगराची मुलगी होती. मेंढरं विकून तो विटा वाहायला लागला होता. बायको बाळंतपणात गेलेली. रोज सकाळी मुलगी खेळण्यात रमली की तो मागच्या मागं निसटायचा. मुलगी रडायची नाही. दाराकडं तोंड करून दिवसभर बसायची, खाऊसुद्धा हातात धरून ठेवायची.

एक दिवस मी त्याला गेटापाशी गाठलं. "दादा, तिला सांगून जा."

"लई रडंल, बाई."

"रडू द्या. मी आहे ना."

तो परत आला, पोरीपुढं उकिडवा बसला. "काम सुटलं की येतो बघ, व्हय?" पोरीनं असा टाहो फोडला की बाकीची पोरं गप्प झाली. त्याचेही डोळे भरले. मी तिला छातीशी धरून बसले. संध्याकाळी काम सुटताच तो आला, विटांच्या धुळीनं लाल झालेला. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसून त्यानं तिला सांगितलं, आणि नंतर रोजच. हळूहळू तिचं रडणं कमी झालं, मग ती इतर मुलींत खेळायला लागली.

पावसाळ्यानंतर एक नवा मुलगा आला. तो कोपऱ्यात रडत बसला. धनगराची मुलगी त्याच्याजवळ गेली आणि तिनं विचारलं, "तुझा बाप सांगून गेला का?" त्यानं नकारार्थी मान हलवली. ती तडक माझ्याकडं आली. "बाई, ह्याच्या बापाला बोलवा. न सांगता गेला." आणि मी माणूस पाठवेपर्यंत ती त्याचा हात धरून बसून राहिली, आपला खाऊ त्याच्या मांडीवर ठेवून.

हे मी थोरल्या आईला सांगितलं तेव्हा ती बरीच म्हातारी झाली होती. मी म्हटलं, "हे सगळं तुझ्यामुळं." ती म्हणाली, "माझं लगीन झालं तवा मी नऊ-दहा वर्षाची असंन. संगं पाठराखीण म्हणून माझी आजी आली होती. सकाळी उठून पाहते तर आजी नाय. मी झोपेत असताना निघून गेली. तिला वाटलं, पोर रडंल."

"मग?" मी विचारलं.

"दिवसभर दारात बसले. सासू कामाची बाई, लई कडक. सगळे म्हणायचे, उठव तिला, भांडी पडलीत. तिनं नाय उठवलं. तेलाची वाटी घेऊन माझ्यामागं बसली अन् माझी वेणी घातली. म्हणाली, तुझी आजी आता येणार नाय. मी हाये."

ही सासू म्हणजे माझी आजी. माझ्या जन्माआधीच ती वारली. तिचा फोटो नाही; दिसायला कशी होती तेही मला कुणी सांगितलेलं नाही. पण त्या दिवशी ती भांड्यांकडं न जाता एका अनोळखी पोरीमागं बसली, आणि ते मला आयुष्यभर पुरलं.