खोदाईतून वगळलेला कोपरा

हिंगोलीत एसटी डेपोच्या मागं माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि ठेकेदारांनी चहा पिऊन ठेवलेले कप. शाळेची खोली असो की कुणाचा बंगला, नकाशा माझ्याकडं येतो. विटा किती, सळई किती, खोदाई किती याचा अंदाज मी काढून देते आणि त्यावर ते टेंडर भरतात. आधी हे काम पट्टी लावून, डोळे फोडून व्हायचं. आता एआयचं सॉफ्टवेअर घेतलंय. नकाशा टाकला की भिंती, दारं, खड्डे आपोआप ओळखून रंगवून दाखवतं. जवळा बाजारचे एक मिस्त्री, आमच्या घरचं सगळं बांधकाम त्यांच्याच हातचं, ते या सॉफ्टवेअरला भूत म्हणतात. "ताई, तुमचं भूत जेवलं का?" असं दारातूनच विचारतात. मीही सांगते, जेवलं, आता तुमच्या चुका खायला बसलंय.

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या दिरानं आमच्याच घराचा नकाशा पाठवला. जवळा बाजारला सासरचं घर, मागं मोकळं परसू. तिथं भाड्यानं द्यायला गाळे काढायचे होते. "वहिनी, घरचं काम हाय, सावकाश करा, पण उद्याच द्या," म्हणाला. त्याचं बोलणं असंच.

नकाशा टाकला. सॉफ्टवेअरनं परसाचा कुंपणाकडचा कोपरा लाल केला. तिथं सेप्टिक टाकी दाखवली होती. माती कोणती, त्यानं विचारलं. मी काळी लिहिलं. काळी माती फुगते, आकसते, तिच्यावर काही टिकत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत सगळी उपसावी लागते. त्यानं तेवढी खोल खोदाई धरली आणि लाल चौकोन आणखी पसरला.

त्या कोपऱ्यात माझी मुलगी आहे.

पहिलं बाळंतपण होतं. पाचवी पुजली, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि बारसं व्हायच्या आत ती गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नवऱ्यानं खड्डा केला. खड्ड्यात मीठ घालायला सासूबाई स्वयंपाकघरातला डबा तसाच उचलून घेऊन गेल्या. मला खोलीबाहेर येऊ दिलं नाही, मी खिडकीतून जागा तेवढी पाहिली. "आता तिचा विषय काढू नको, पुढच्या लेकराला बाधतं," सासूबाई म्हणाल्या. दीर तेव्हा शिकायला मामाकडं होता, त्याला कुणी सांगितलंच नाही.

पुढं मला पोरगा झाला, घर हसतं-खेळतं झालं. पण दर उन्हाळ्यात ती माती भेगाळायची आणि मी कपडे वाळत घालायच्या निमित्तानं भेगांत वाकून बघायचे. काय दिसेल याची भीती वाटायची, आणि काहीच दिसलं नाही की रडू यायचं. सासूबाई रोज सकाळी तिथं तांब्याभर पाणी ओतायच्या. भेगा बुजाव्यात म्हणून ओतत असतील, असं मी धरून चालले.

मी नवऱ्याला फोन लावला. "तू बघ काय ते," म्हणाला आणि ठेवला. मग मी टाकी दुसऱ्या बाजूला सरकवली. सॉफ्टवेअरनं लगेच सांगितलं, पाइप लांबतोय, खर्च वाढतोय, आधीची जागाच स्वस्त पडेल. पुन्हा तोच कोपरा लाल. मी पुन्हा सरकवली, पुन्हा तेच. भर दुपारी, पंख्याखाली बसून, कुणीतरी तिकडंच बोट दाखवून राहिलंय असं वाटलं. मला रागच आला. "मेल्या, काय हात धुऊन मागं लागलास तिच्या," मी म्हणाले. दुकानात कुणी नव्हतं ते बरं झालं.

मग आठवलं, न खोदायची जागा आखून देता येते. मी कोपऱ्याभोवती चौकोन काढला. त्यानं नाव मागितलं. विहीर, झाड, विजेचा खांब, काय असेल ते लिहा, त्याशिवाय जागा सोडायला तयार नाही. झाड लिहिलं असतं, पण दीर तिथं झाड नाही बघून खोदून मोकळा झाला असता. मी तिचं नाव लिहिलं. ती पोटात असतानाच ठरवलेलं, बारशाला आत्याला सांगायचं म्हणून जपून ठेवलेलं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. लाल रंग गेला. छापलेला कागद दिराकडं धाडला आणि आखणीच्या दिवसापर्यंत मला घास गोड लागला नाही.

त्या दिवशी नवऱ्यानं बाजारात काम काढलं. सासूबाई मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. मिस्त्री एका हातात कागद धरून चुन्याच्या फक्कीनं रेघा ओढत होते. कोपऱ्यापाशी ते थांबले आणि ते नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं, घरातल्या पोरीला हाक मारावी तसं.

"ताई, ह्या जागेला हे नाव काहून?" त्यांनी विचारलं. दीर माझ्याकडं बघायला लागला.

सासूबाई काठी टेकत उठल्या. "काय म्हणलास? पुन्यांदा म्हण." त्यांनी पुन्हा वाचलं. सासूबाई तिथंच मातीत बसल्या. "माझी नात हाय इथं. तिच्या अंगावर फावडं घालू नको, बाबा."

मिस्त्रींनी पायातल्या चपला काढल्या आणि तिच्याभोवती बराबर फक्की ओढली. दीर कागद हातात घेऊन ते नाव वाचत उभा राहिला.

सासूबाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं. "मला वाटलं, तू नावच ठेवलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "रोज पाणी देताना मी नुसतं 'बाई, बाई' म्हणून हाक मारून राहिले तिला."