पिठाच्या डब्याखाली सात पुस्तकं

काकूंनी चहा गाळायला घेतला आणि दार वाजलं. इतक्या सकाळी कोण कडमडलं, असं पुटपुटत त्यांनी कडी काढली. दारात कॉलेजचा वॉचमन.

“काका आहेत ना? ग्रंथपालबाईंनी लगेच बोलावलंय. सात पुस्तकं सापडत नाहीयेत. यंत्र म्हणतंय परत आली, पण कपाटात एकही नाही. मधे हात फक्त काकांचा.”

आतल्या खोलीत काकांच्या हातातला ब्रश थबकला. ती सातही पुस्तकं त्यांच्यासमोरच होती. पिठाच्या डब्याखाली दाबून, खळ वाळायला ठेवलेली.

सव्वीस वर्षं काका कॉलेजच्या ग्रंथालयात परतीच्या खिडकीवर बसले. पुस्तक हातात आलं की आधी त्याची पाठ चाचपायची. टाके उसवलेले दिसले तर वहीत नोंद करून घरी न्यायचं, चार दिवसांत धडधाकट करून आणायचं. जुन्या ग्रंथपालसाहेबांची परवानगी होती, तीही तोंडी. दोन महिन्यांपूर्वी खिडकी गेली, यंत्र आलं. मुलं फटीत पुस्तक सरकवतात, पावती घेतात, पुस्तक आतल्या पेटीत पडतं. पेटी रिकामी करणं तेवढं काकांकडे उरलं. “आता सगळं यंत्रात असतं,” म्हणून नव्या बाईंनी वहीही बंद केली. काका मात्र मोडकी पुस्तकं पिशवीत घालतच राहिले, सवयीनं.

“सरळ सांगून टाका की,” काकू हळूच म्हणाल्या.

“चोर म्हणतील गं मला.” काका ब्रश पुसत म्हणाले.

“चोर कधी खळ लावत बसतो? आणि चोरायचंच होतं तर काहीतरी बरं चोरायचं. ही भूमिती कोण घेतंय?”

काकांनी सातही पुस्तकं पिशवीत भरली. त्यांनी चपला उलट्या घातल्या; काकूंनी त्या नीट घालायला लावल्या.

वॉचमन काकांबरोबरच निघाला. फाटकाशी त्यानं पिशवीकडे पाहिलं आणि नजर वळवली. काकांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. पायऱ्या चढून त्यांनी पिशवी ग्रंथपालबाईंच्या टेबलावर रिकामी केली.

बाईंनी एक पुस्तक उघडलं, टाक्यांवरून बोट फिरवलं.

“पडद्यावर ही कपाटात आहेत असं दिसतंय, काका. मी वर चोरी म्हणून कळवून बसलेय. आता काय लिहू?”

काकांनी उरलेली पुस्तकं नीट रचली. मग ते म्हणाले, “काय लिहायचं ते लिहा, बाई. फक्त यंत्राशेजारी मला एक टेबल द्या. पेटीतलं पुस्तक कपाटात जाण्याआधी एकदा माझ्या हाताखालून जाऊ दे.”