चार रविवार तीच भिंत

मागच्या रविवारची गोष्ट. महाडजवळच्या नाते गावातील आमच्या घरी सायंकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे प्रकाशचा व्हिडिओ कॉल आला. प्रकाश माझा मुलगा. अमेरिकेत अठरा चाकी ट्रक चालवतो... चालवत होता, असे आता लिहावे लागते.

सूनबाई तेथे रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांच्या कागदपत्रांवर प्रकाशला कामाची परवानगी मिळाली आणि रीतसर परीक्षा देऊन त्याने अवजड वाहनाचा परवाना काढला. वरंध घाटातून मालट्रक नेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचा मुलगा तिकडचे डोंगर ओलांडतो, हे मी महाड स्टँडपासून पोलादपूरपर्यंत किती जणांना ऐकवले असेल, त्याची गणती नाही.

तो नेहमी ट्रकच्या केबिनमध्ये बसूनच बोलायचा. त्याच्या खांद्यामागच्या खिडकीत कधी बर्फ दिसे, कधी पेट्रोल पंप, कधी नुसते मोकळे रान... मी मुलाला कमी आणि खिडकीला जास्त बघतो, असे सौ.चे म्हणणे आहे.

गेले काही रविवार त्या खिडकीत विटांची एक भिंत होती. भिंतीवर पाण्याचा काळा ओघळ, खाली निळे पिंप. पहिल्या वेळी वाटले, माल उतरण्याची वाट पाहत असेल. दुसऱ्या वेळी मनाची समजूत घातली. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम विचारले, रस्ता कसा आहे?

“मस्त, आबा. हायवे एकदम मोकळा.”

असे उत्तर कसे दिले जाते, ते मला चांगले ठाऊक होते...

चौथ्या रविवारी, म्हणजे मागच्या, मी म्हणालो, “प्रकाश, भिंत तीच आहे.”

त्याने वळून मागे पाहिले. हसायला गेला, पण ते त्याला जमले नाही.

मग सगळे बाहेर आले. त्याच्या परवान्यावर जी मुदत छापली होती, ती त्याच्या कामाच्या परवानगीच्या मुदतीहून पुढची होती. तशी चुकीने छापली तेथील कार्यालयाने, आणि परवाना रद्द झाला याचा. तसे पत्र आले. त्याच्यासारख्या परदेशातून आलेल्या पुष्कळ चालकांना तशीच पत्रे आली आहेत म्हणे. ट्रकचा मालक भला माणूस आहे. रविवारी आवारात येऊन उभ्या गाडीत बसायला तो प्रकाशला चावी देतो... आम्हांला कळू नये म्हणून.

“मग नव्याने अर्ज कर,” मी म्हणालो.

“घेतच नाहीत, आबा. ऑफिसच्या खिडकीवर म्हणतात, तुमच्या प्रकारचे अर्ज सध्या बंद. कधी चालू होणार, ते कोणी सांगत नाही. झाले तरी परीक्षा पहिल्यापासून द्यायची का, तेही नाही सांगत.”

मला राग आला. “एवढी मोठी गोष्ट आईबापांपासून लपवतोस?”

“तुम्ही गावभर सांगितलंय, आबा. काय तोंडाने सांगू?”

मी आणखी बोलणार होतो. तोच तांदूळ निवडता निवडता सौ. म्हणाली, “त्याला काय बोलताव? तुमचा डबा मी दोन महिने भरलाय.”

येथे मला एक गोष्ट लिहिणे भाग आहे.

साधारण पंचावन्नच्या वयात माझा पाय मोडला आणि मी काही वर्षे घरी होतो. बरा झालो तेव्हा माझ्या परवान्याची मुदत संपून फार काळ लोटला होता. परिवहन कार्यालयात सांगितले, नव्याने अर्ज करा. आणि नव्या अर्जाला त्या काळी आठवी पासचा दाखला लागत असे. माझे शिक्षण चौथीपर्यंत... तीस वर्षे घाट चढलो-उतरलो, त्याचा दाखला कोणी देत नाही.

घरी सांगितले की गाडी मिळाली. रोज सकाळी खाकी शर्ट घालायचो, डबा घ्यायचो, एसटीने महाडला जायचो आणि चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर सायंकाळपर्यंत बसायचो. दोन महिन्यांनी जाहीर केले की आता पुरे, मीच गाडी सोडली. प्रकाश तेव्हा मुंबईत होता. ‘आबांनी स्वतःहून स्टिअरिंग सोडलं,’ असे तोही अभिमानाने सांगत आला.

हिला हे ठाऊक होते, याचा मला पत्ता नव्हता. इतक्या वर्षांत ती एका अक्षराने बोलली नाही.

“तुला कसे कळले?” मी विचारले.

“शर्टाला डिझेलचा वास नाय. आठ दिसांत कळलेला.”

प्रकाशने फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाला, “आबा, दिवसभर काय करायचात?”

“बसायचो.”

“मी पण बसतो, आबा.”

सौ.ने फोन स्वतःकडे घेतला. “तुझ्या बायकोला माहीत हाय काय रे?”

“हाय, आये.”

“मंग घरातना फोन कर. ती भितडी बघून कंटाळा आला.”

आज त्याचा फोन स्वयंपाकघरातून आला. परवान्याचे काहीही कळलेले नाही. कार्यालयात तो दर आठवड्याला जातो आणि तसाच परत येतो. ज्यांची मुले तेथे गाडी चालवतात, त्यांनी मुलांना परवाना आणि कामाची परवानगी या दोन्ही कागदांवरच्या तारखा आजच ताडून पाहण्यास सांगावे, आणि कार्यालयात जे सांगतील ते लेखी मागण्यास सांगावे. याहून अधिक मला माहीत नाही.

आणि मी स्वतःहून गाडी सोडली, असे आजवर ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांनी कृपया ते दुरुस्त करून घ्यावे.

डबा मात्र मी रोज संपवून आणत होतो... तेवढे एक तिच्याशी खरे वागलो.