टेबल उलटं केलं आणि डॉक निघाला

मंडळी, आज उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात माझी चांगलीच जिरली.

लेकीसाठी अभ्यासाचं टेबल बघत होते. सोबत बाबा, मुंबईच्या डॉकमधून नुकतेच रिटायर झालेले. सिंधी दुकानदार म्हणाला, "लकडी इम्पोर्टेड है, दीदी." मी भडकलेच. "हम बदलापूर से आये हैं तो कुछ भी बोलोगे क्या?"

बाबांनी टेबल उलटं केलं. खालच्या फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का! त्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "खरं बोलतोय गं तो. परदेशी पाठवायच्या लाकडाला कीड नाही म्हणून हा शिक्का मारतात. हे डनेजचं लाकूड. जहाजात माल हलू नये म्हणून घालतात. माल उतरला की आम्ही फेकून द्यायचो. पुढे त्याचं काय होतं, कधी बघितलंच नाही."

कुठल्या तरी देशातलं झाड समुद्र ओलांडून आलं, बाबांसारख्यांच्या हातून भंगारात गेलं आणि आता बदलापुरात, कात्रपच्या आमच्या घरी माझ्या लेकीच्या वह्या सांभाळणार!

दुकानदाराने विचारलं, "ये ठप्पा रंधा मारके निकाल दूं?"

"नको, नको! रहने दो," बाबा घाईने म्हणाले. "नातीला दाखवायचंय, आजोबा काय काम करायचे ते."

तुम्ही तुमच्या घरातलं टेबल कधी उलटं करून बघितलंय?